शेगडी तापेना? आधी राख काढा, मग पाकीट

शनिवारी संध्याकाळी आठ माणसं जेवायला बोलावलेली, कोंबडी मसाला लावून तयार आणि अंगणातली हजार डॉलरची कामाडो शेगडी काही केल्या १५० अंश सेल्सियसच्या वर जाईना. त्या रात्री कोंबडी ओव्हनमध्ये भाजली. रविवारी सकाळी दुकानात जाऊन नवा थर्मामीटर आणि झाकणाचं गॅस्केट असे मिळून ६० डॉलर घालवले. दोन्ही बसवलं, शेगडी थंडच. शेवटी सगळा कोळसा उपसला, तर तळाच्या जाळीची भोकं राखेनं लिंपल्यासारखी बुजलेली. कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून ती मोकळी केली. खर्च शून्य.

कामाडो म्हणजे जपानी चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिची आवड इकडे आणली आणि १९७४ मध्ये अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ सुरू झाल्यावर ती मातीची न राहता जाड सिरॅमिकची झाली. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या अंगणांतही आता ती दिसते. तिच्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत गॅसवरच्या भरताला जवळ फिरकू देत नाही. मध्यम आकाराच्या वर गेलात, की नामांकित कंपनीची शेगडी हजार ते दीड हजार डॉलरला पडते. इथल्या सगळ्या किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक पुढेमागे होतात.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हिचं तंत्र समजावून सांगायला नको. खालून हवा आत, वरून बाहेर, मधे निखारे. बंबाची राख काढली नाही तर पाणी कोमट राहायचं, तसंच इथे. खालची खिडकी उघडी असूनही धग धरत नसेल तर दहातल्या आठ वेळा दोष राखेचा किंवा चुऱ्याचा असतो. पोत्याच्या तळचा कोळशाचा चुरा शेगडीत ओतायचाच नाही. मोठे तुकडे खाली, बारीक वर. दमट कोळसाही असाच छळतो. पोतं गराजमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवा. लाकडी ढेकळांचा कोळसा २० पौंडांना २० ते ३० डॉलर पडतो. ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, स्वस्त, पण राख कितीतरी जास्त, म्हणजे पुन्हा तीच तार. पेटवायला रॉकेलसारखं द्रव मात्र कधीच नको. सिरॅमिक वास पिऊन बसतं आणि पुढचे अनेक दिवस पापलेटालाही तोच वास येतो.

उलट तक्रारही ऐकू येते: शेगडी २५० वर गेली, उतरतच नाही. जाड भिंती एकदा तापल्या की तासन् तास उष्णता सोडत नाहीत. यावर पैशांनी मिळणारा उपाय नाही. हव्या त्या तापमानाच्या १५-२० अंश आधीच दोन्ही झरोके आवळायला लागा. आणि हवा कोंडून ठेवलेल्या तापल्या शेगडीचं झाकण एकदम उघडू नका. आतल्या उपाशी निखाऱ्यांना हवा मिळताच ज्वाळेचा लोट बाहेर येतो. आधी बोटभर उघडा, क्षणभर थांबा, मग पूर्ण. माझ्या उजव्या हातावरचे केस एकदा यातच गेले.

थर्मामीटरवर संशय आला तर नवा घेण्याआधी त्याची काडी उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीजवळ १०० अंश सेल्सियस, म्हणजे २१२ फॅरनहाइट दिसायला हवं. काटा चुकत असेल तर बहुतेकांच्या मागच्या नटाला पाना लावून सरकवता येतो. नवाच लागला तर १५ ते ४० डॉलर.

गॅस्केट ही मात्र झिजणारी वस्तू. फेल्टची पट्टी पिझ्झाच्या धगीत करपते. कागदाची पट्टी झाकणाखाली धरून ओढून पाहा. कुठल्याही बाजूला जराही न अडकता निसटली, तर तिथून हवा गळते आहे. पट्टी २० ते ४० डॉलरला येते आणि घरच्या घरी बसते. जुना गोंद नीट खरवडण्यातच खरा वेळ जातो, आणि तेवढंच काम लोक चुकवतात. पण आधी झाकण सरळ बसतं का ते बघा. पुष्कळदा पट्टी ठीक असते आणि बिजागरीचे बोल्ट सैल झालेले असतात.

पावसाळी महिने झाकून ठेवलेल्या शेगडीत बुरशी धरते. घाबरू नका, साबण-पाणीही नको, सिरॅमिक ते शोषून घेतं. जुना कोळसा फेकून द्या, नवा भरून दोन्ही झरोके उघडे टाका आणि तासभर कडक जाळ करा. मग ब्रश. खर्च अर्ध्या पोत्याचा.

तड्यांबद्दल विचारणारे सर्वांत धास्तावलेले असतात. बाहेरच्या झिलईवरच्या केसासारख्या रेषा फक्त दिसण्यापुरत्या. आतला कोळशाचा पेला तडकला तरी तुकडे जागच्या जागी उभे असतील तर खुशाल वापरा. कोसळला तर नवा, साधारण दोनशे डॉलरला. बाहेरचं भांडंच आरपार फुटलं तर सगळ्यांत मोठा खर्च. तिथे हमीच कामाला येते. नामांकित कंपन्या सिरॅमिकवर पहिल्या खरेदीदाराला आजीवन हमी देतात. गॅस्केटला ती सहसा नसते, वाहतुकीचा खर्चही अनेकदा आपल्याच माथी.

‘पहिल्या खरेदीदाराला’ हे शब्द महत्त्वाचे. एका मित्रानं गराज सेलमध्ये ३०० डॉलरला शेगडी उचलली; आतला पेला दोन तुकड्यांत. हमी मिळाली नाही, २०० आणखी गेले. तरी माझ्या मते सौदा वाईट नव्हता, नव्याच्या निम्म्यात काम झालं. जुनी घेताना फक्त कोळसा उपसून तळ बघा, एवढंच.

नवी घेतली असेल तर पावतीचा फोटो आजच काढून ठेवा. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई दोन-तीन वर्षांत उडून जाते.