न दुखणारे दुखणे आणि लाप्लासचा नियम

पदार्थविज्ञानाच्या तासाला मी लाप्लासचा नियम शिकवितो. त्याचे एक उदाहरण माझ्याच छातीत आहे. तीन वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी हृदयाची इको तपासणी झाली, तीत महारोहिणीच्या मुळाशी ४.६ सेंटिमीटर व्यासाचा फुगवटा आढळला. ना वेदना, ना धाप.

महारोहिणी हृदयातून निघते तेथे, झडपेच्या लगेच वर, तीन लहान कोष असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंतोनिओ व्हालसाल्वा (१६६६–१७२३) यांच्या नावाने ते ओळखले जातात. त्यांत रक्ताचे भोवरे उठतात व झडप अलगद मिटण्यास साहाय्य होते. क्वचित एखाद्या कोषाची, बहुधा उजव्या, भिंत जन्मतः दुबळी असते व हळूहळू फुगते. फुटेपर्यंत पुष्कळदा तक्रार नसते. फुटल्यास रक्त बहुधा हृदयाच्याच एखाद्या कप्प्यात घुसते आणि जीव धोक्यात येतो.

आता गणित पाहू. दाब व त्रिज्या यांच्या गुणाकारास भिंतीच्या जाडीने भागले की भिंतीवरील ताण मिळतो. व्यास दीडपट झाला आणि जाडी दोन-तृतीयांश उरली, तर रक्तदाब तोच असूनही ताण सव्वादोनपट होतो. या तीन राशींपैकी त्रिज्या व जाडी माझ्या हाती नाहीत. दाब मात्र आहे.

म्हणून रक्तदाबाची गोळी रोज वेळेवर घ्यायची आणि तंबाखू वर्ज्य. श्वास कोंडून जड वजन उचलायचे नाही. गंमत अशी की, कोंडलेल्या श्वासाने जोर करण्याच्या या क्रियेलाही व्हालसाल्वांचेच नाव आहे! फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली अशा रुग्णांना सावध केले. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो तरी फुगवट्याची गोष्ट प्रथम सांगतो.

मग लगेच शस्त्रक्रिया का नाही? कारण तिचाही धोका असतोच. व्यास ५.५ सेंटिमीटर झाला, किंवा एका वर्षात अर्धा सेंटिमीटर वाढला, की सामान्यतः शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. मार्फानसारख्या आनुवंशिक विकारात त्याआधीच. तोवर ठरल्या वेळी मोजमाप, तेही शक्यतो त्याच पद्धतीने, म्हणजे आकड्यांची तुलना खरी ठरते.

हा दोष कुटुंबातही असू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने माझ्या दोन्ही भावांनी व मुलीने इको करून घेतली. तुमच्या घरी कुणास असा फुगवटा निघाला, तर आईवडील, भावंडे व मुले यांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.