सुरांच्या शोधात तीन मित्र

इतिहासाची साधने म्हणजे केवळ शिलालेख, ताम्रपट आणि जुनी कागदपत्रे नव्हेत. गाणे हेही इतिहासाचे एक साधन होय; आणि ते गाणे जपणारा माणूस हा तर चालताबोलता ग्रंथच असतो. असाच एक ग्रंथ काळाच्या पडद्याआड जाण्यापूर्वी शोधून काढावा, या हेतूने १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील तीन तरुण मित्र एका लहानशा मोटारीतून प्रवासास निघाले. डिक वॉटरमन, फिल स्पायरो आणि निक पर्ल्स ही त्यांची नावे.

ज्यांच्या शोधासाठी हे मित्र निघाले, ते गायक म्हणजे एडी जेम्स हाउस. लोक त्यांना सन हाउस म्हणत. त्यांचा जन्म १९०२ साली दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात झाला. हा प्रदेश कापसाच्या पिकाबद्दल प्रसिद्ध होता. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने नष्ट झाली. परंतु कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या हालअपेष्टा काही संपल्या नाहीत. जमीन मालकाची, कर्ज मात्र मजुराच्या माथी, अशी त्यांची स्थिती होती. त्यांचे दुःख, त्यांचा विनोद आणि त्यांची चिवट आशा ही सर्व ज्या गीतांतून प्रकट झाली, त्यांना 'ब्लूज' असे म्हणतात. इंग्रजीत निळ्या रंगाच्या या शब्दाला उदासीनतेचाही अर्थ आहे. एक ओळ गावयाची, तीच पुन्हा गावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिची पूर्तता करावयाची, ही या गीतांची नेहमीची रचना. सन हाउस बोटात धातूची नळी घालून ती गिटारच्या तारांवरून फिरवीत, तेव्हा तारांतून माणसाच्या आक्रोशासारखा सूर उमटे.

१९३० साली त्यांच्या काही मोजक्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढे १९४१ व १९४२ मध्ये ॲलन लोमॅक्स या संशोधकाने 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या ग्रंथालयासाठी त्यांची गाणी मुद्रित करून घेतली. त्यानंतर मात्र ते कोठे गेले, हे संगीतप्रेमी मंडळींना ठाऊक नव्हते.

तथापि आशेला जागा होती. जॉन हर्ट या गायकाने १९२८ साली मुद्रित केलेल्या एका गीतात आपल्या ॲव्हलॉन या गावाचा उल्लेख केला होता. त्या एका शब्दाच्या आधारे टॉम हॉस्किन्स या तरुणाने जुन्या नकाशात ते गाव शोधले आणि १९६३ मध्ये तेथे जाऊन पाहिले, तो हर्ट हयात होते! मग सन हाउस का सापडू नयेत?

सन हाउस मेम्फिस शहरात दिसल्याची वार्ता ऐकून तिघे मित्र तेथे पोहोचले. रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यांना साहाय्य केले. ते एके काळी स्वतः ब्लूज गात असत आणि पुढे धर्मोपदेशक झाले होते. त्यांना बरोबर घेऊन मित्रांनी मिसिसिपीतील खेडी पालथी घातली. हा प्रवास निर्धोक नव्हता. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क बजावता यावा म्हणून त्याच उन्हाळ्यात उत्तरेकडील अनेक विद्यार्थी मिसिसिपीत आले होते. त्यामुळे परक्या तरुणांकडे तेथील कित्येक गोरे लोक संशयाने व द्वेषाने पाहत. २१ जून १९६४ रोजी या चळवळीतील तीन तरुण कार्यकर्त्यांचा त्या राज्यात खून झाला. त्यांपैकी एक कृष्णवर्णीय व दोघे गौरवर्णीय होते. ज्या अन्यायातून ब्लूज जन्मास आले, तो अन्याय अद्याप जिवंत होता.

एकाने दुसऱ्याचे नाव सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे, असे करीत अखेर धागा हाती लागला. सन हाउस मिसिसिपीत नव्हतेच! अधिक चांगल्या जीवनाच्या आशेने दक्षिण सोडून उत्तरेकडे गेलेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांप्रमाणे तेही १९४३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी जाऊन राहिले होते. सुमारे १६०० किलोमीटरचा मार्ग आक्रमून मित्र तेथे पोहोचले आणि जून महिन्यातच त्यांची भेट झाली.

परंतु शोध एवढ्यावर संपला नाही. जिवलग मित्र व साथीदार विली ब्राउन १९५२ मध्ये निवर्तल्यानंतर सन हाउस यांनी गाणे सोडून दिले होते. घरात गिटार उरली नव्हती. बोटे वादन विसरली होती. तेव्हा ॲलन विल्सन हा विशीतील तरुण पुढे आला. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्याने त्यांची शैली आत्मसात केली होती. तो त्यांच्याजवळ बसला आणि त्याने त्यांचीच गाणी त्यांना वाजवून दाखविली. हळूहळू त्यांची स्मृती जागी झाली. गुरूची विद्या शिष्याने गुरूला परत दिली!

१९६५ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली आणि कार्नेगी हॉल या विख्यात सभागृहात त्यांचे गायन झाले. वॉटरमन यांनी वृद्ध ब्लूज गायकांचे कार्यक्रम ठरविण्यासाठी एक संस्था काढली व तिला 'ॲव्हलॉन' हे नाव दिले. सन हाउस १९८८ मध्ये निधन पावले. त्यांचा आवाज मात्र जतन होऊन राहिला आहे.

जुन्या गाण्यांवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. पण ती गाणाऱ्याच्या दारापर्यंत जाणारे थोडे. वेळीच घेतलेला शोध हीच लोककलेची खरी सेवा होय.

शब्दार्थ : आक्रोश – मोठ्याने केलेला शोक. निर्धोक – धोका नसलेला. मार्ग आक्रमणे – वाट चालून जाणे. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. ब्लूज गीतांची रचना कशी असते?
२. मिसिसिपीतील प्रवास निर्धोक का नव्हता?
३. 'गुरूची विद्या शिष्याने गुरूला परत दिली' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील वा गावातील वडीलधाऱ्यांकडून एक जुने गाणे ऐका, ते लिहून घ्या व त्यांना ते कोणी शिकविले हे विचारा.