गाडीखाली शिरण्याआधी

अगं, अण्णांची फियाट रंगवायला काढतेय म्हणालीस, तेव्हापासून मला एकच धाकधूक लागून राहिली आहे. तू वरच्या रंगाला आधी हात घालशील. नको घालूस. गाडी १९७३ सालची. कागदावर ती प्रीमियर प्रेसिडेंट, पद्मिनी हे नाव नंतर आलं, पण आपल्या घरात ती कायम फियाटच. इतकी वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी आहे. अण्णा रोज सकाळी फडकं फिरवायचे म्हणून वरून ती अजून झळकते. खाली मात्र कुणाचं फडकं पोचलं नाही.

गॅरेजात सगळे चेसिस, चेसिस म्हणतात, पण जीपला असते तशी वेगळी चेसिस या गाडीला नाही. खालचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे आणि वरचा सांगाडा मिळून सगळं एकच अंग आहे. उंबरा कुजला की गाडी मधोमध वाकायला लागते, आणि दार नीट लागेनासं झालं की लोक बिजागरीला दोष देतात. म्हणून खालचं खरवडणं ही निव्वळ सफाई समजू नकोस. पत्रा कुठे जिवंत आहे आणि कुठे मेलाय, हे त्यातच कळतं.

आधी जिवाचं बोलतो, तुझ्या आईच्या वतीनेही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. सपाट काँक्रीटवर चार लोखंडी घोड्या लाव, गाडी हाताने जोरात हलवून बघ, मग शीर. घराच्या मागे चिरे पडलेत ना, ते लावायचा मोह होईल. जांभा वरून भक्कम दिसतो, पण एका टोकावर भार आला की भुगा होतो. गाडी नऊशे किलोच्या आसपास आहे. घोडी उंबऱ्याच्या कुजक्या भागाखालीही ठेवू नकोस, ती पत्रा फोडून आत जाईल.

दुसरं, पेट्रोलची टाकी. ग्राइंडर चालू करण्याआधी टाकी उतरवून बाहेर, लांब ठेव. रिकामी आहे म्हणून गाफील राहू नकोस. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते. बॅटरीही काढ. ब्रेकच्या ड्रममधली पूड हवेने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या चिंधीने पुसून ती चिंधी पिशवीत बांधून टाक. आणि तारेचा कप-ब्रश लावशील तेव्हा चष्मा हवा, ओढणी नको. त्यातून सुटलेली तार सुईसारखी येते.

आता धुणं. आपल्याकडची लाल माती आणि गंज यांचा रंग सारखाच, त्यात नवशिका हमखास फसतो. ओलं बोट घास. माती बोटाला येऊन पत्रा मोकळा होतो, गंज जागचा हलत नाही. मडगार्डच्या आतल्या कडेवर, कमानपाट्यांच्या बैठकीभोवती, उंबऱ्याच्या शेवटाला माती दाबून बसलेली असते. ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि महिनोन्‌महिने पत्रा ओला ठेवते. लाकडी पट्टीने उकरून काढ, मग पाण्याचा फवारा. उंबऱ्याच्या तळाशी पाणी जायला भोकं आहेत, ती तारेने मोकळी कर. आतून लाल पाणी ओघळलं तर घाबरू नकोस, पण कुठून ओघळलं ते खडूने लिहून ठेव. मग गाडी दोन-तीन कडक उन्हं खाऊ दे.

धुऊन झालं की तेलकटपणा. अण्णा दर वर्षी मृगाच्या आधी खालून जळकं ऑईल फवारून घ्यायचे. त्यानेच काही भाग वाचलाय, हे मी मानतो. पण त्या तेलावर रंग धरणार नाही. त्याखाली डांबरी थर आहे, तोही निघायला हवा. हीट गनने कोमट कर, नरम झाला की बोथट पटाशीने सोल. पेटता ब्लोलॅम्प तिथे आणायचा नाही. उरलेला चिकटा रॉकेलच्या चिंधीने निघतो, फक्त ब्रेकच्या रबरी नळ्यांना आणि बुशांना रॉकेल लागू देऊ नकोस, रबर फुगतं.

इथे मी एकदा चुकलोय. तरुणपणी एका डॉक्टरांच्या गाडीला रॉकेल लावलं, पुसलं, वरवर सुकलं आणि रेड ऑक्साइड मारून मोकळा झालो. पुढच्या गणपतीत त्यांनी गाडी परत आणली. दोन पत्रे जुळतात त्या सांध्यांतून रॉकेल झिरपत राहिलं होतं, आणि रंग दुधावरच्या सायीसारखा हातात आला. सगळं काम मी परत केलं, पैसे न घेता. तेव्हापासून रॉकेलनंतर गरम पाणी आणि साबण, तेही दोनदा, आणि शेवटी स्वच्छ पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन पुसायचं. कापड पांढरंच राहिलं तर पुढे जायचं.

आता हातोडी घे, छोटी. प्रत्येक वीतभर अंतरावर हलकी टिचकी मार. चांगला पत्रा टण्ण वाजतो, कुजलेला थप्प. थप्प वाजला तिथे जुना स्क्रूड्रायव्हर टोच, आरपार गेला तर जाऊ दे. ते भोक तू पाडलेलं नाहीस, आधीपासूनच आहे. लोहचुंबकही फिरव. जिथे तो चिकटत नाही तिथे कुणीतरी कधीकाळी लांबी थापून ठेवलीय. तीही काढ. मेलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, आणि उंबरा कापण्याआधी गाडीला मधोमध आधार देऊन दारांच्या फटी मोजून ठेवायच्या.

तारेच्या ब्रशने पत्रा आरशासारखा झाला की खूश होऊ नकोस. ब्रश नुसती झळाळी आणतो, रंगाला धरायला खरखर लागते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरक्या रेघा मार. खड्ड्यांतला काळा गंज राहील, त्याला फॉस्फोरिक ॲसिडचं औषध ब्रशने लाव, मग धू आणि वाळव. चेसिस नंबर ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर नेऊच नकोस. नंबर पुसट झाला तर आरटीओत जन्म जाईल. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची व्हिंटेज नोंद आता करता येते, तिथेही तो नंबर लागणारच.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच कर. समुद्रकाठी उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून सगळी गाडी एकदम सोलायची नाही. सकाळी हातभर तुकडा सोलायचा, दुपारी पुसायचा, ऊन उतरायच्या आत त्याला इपॉक्सी प्रायमर मारायचा. नुसता रेड ऑक्साइड पाणी पितो, त्यावर विसंबू नकोस. ग्रीसच्या निपलांवर आणि पाणी जायच्या भोकांवर चिकटपट्टी लाव, प्रायमर झाला की आठवणीने काढ. ब्रेक ऑईलचा एक थेंबही प्रायमरवर सांडला तर तो फुगून सुटतो. तेवढं सांभाळ.

ठोकून बघायच्या दिवशी मला बोलाव. गुडघे साथ देत नाहीत, खाली शिरणार नाही मी. बाजूला स्टुलावर बसेन. तू ठोकत जा, टण्ण की थप्प ते मी बाहेरून सांगतो.