आपली तसबीर आपल्या हातीं

कॅमेऱ्यांतून काय दिसेल, हें पुष्कळ अंशीं तो कोणाच्या हातीं आहे यावर अवलंबून असतें. याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंत केंटकी संस्थानाचा पूर्वभाग हा डोंगराळ व दगडी कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे. कोळसा बाहेर जाई, दारिद्र्य मात्र मागें राही. १९६४ सालीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारलें, व ते स्वतः या मुलखांत येऊन गेले. तेव्हां छायाचित्रकारांचीही तेथें रीघ लागली. मोडकीं घरें व मळक्या वस्त्रांतील मुलें यांच्या तसबिरी देशभर झळकल्या. आपली अशी शोभा व्हावी हें तेथील अनेकांस सलूं लागलें. १९६७ सालीं लेचर परगण्यांत एका जमीनमालकानें आपल्या जागेंत चित्रण करणाऱ्या ह्यू ओकॉनर या कॅनडावासी गृहस्थास गोळी घालून ठार मारिलें. हें कृत्य सर्वथा निंद्य होय. परंतु लोकांच्या मनांतील तें शल्य विचार करण्याजोगें आहे.

याच परगण्यांत १९७५ सालीं वेंडी इवाल्ड नांवाच्या एक तरुण छायाचित्रकार बाई आल्या. त्यांनीं शाळेंतील मुलांच्याच हातीं साधे कॅमेरे दिले, आणि फिल्म धुणें व छाप काढणें हेंही त्यांस शिकविलें. विषय ठरविले ते असे: स्वतः आपण, आपलें कुटुंब, आपले प्राणी व आपलीं स्वप्नें. चौकटींत काय यावें, हें आतां मूलच ठरवूं लागलें. त्या मुलांचीं चित्रें व कथा १९८५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. पुढें आपल्या गुजराथेंतील एका खेड्यांतही बाईंनीं मुलांसह असेंच काम केलें. १९९२ सालीं त्यांस मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

यांत शिकण्याजोगें काय? तसबीर काढणारास पदोपदीं निवड करावी लागते. कॅमेरा वरून खालीं रोखला, तर समोरचा मनुष्य लहान व दीन दिसतो. डोळ्यांच्या पातळीवर धरला, तर तो बरोबरीचा दिसतो. खिडकींतील उजेड बाजूनें पडला, तर चेहऱ्याची घडण उठून दिसते. ही निवड ज्याची त्यानें केली, म्हणजे 'मी कोण?' या प्रश्नाचें उत्तर तो स्वतः देऊं लागतो. आणि ज्यास लिहावयास सुचत नाहीं, त्यासही आपल्या चित्राविषयीं चार ओळी सहज सुचतात.

आज पुष्कळ घरीं दूरध्वनींतच कॅमेरा असतो. विद्यार्थ्यांनो, सुटींत आपल्या आजीची, शेजारच्या चांभारदादांची किंवा शाळेंतील शिपाईमामांची तसबीर काढा. आधीं त्यांची परवानगी घ्या, कोठें व कसें बसावें हें त्यांनाच ठरवूं द्या, आणि एक प्रत त्यांस अवश्य द्या. पालकांस आमची विनंती इतकीच, कीं मुलानें काढलेलें चित्र पाहून त्याला विचारावें, "हेंच कां निवडलेंस?" आणि त्याचें उत्तर स्वस्थपणें ऐकावें.