बाळंतिणीच्या पोटावरचा हात

"बाळंतपणात रक्त जायचंच की डॉक्टर, त्यात काय एवढं?" सुनेला तपासायला घेऊन आलेल्या सासूबाई असे सहज बोलून जातात. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बाळ झाले, वार पडली, की थोडे रक्त जातेच. निसर्गाने त्याची तजवीकही केलेली आहे. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त लिटर-दीड लिटरने वाढलेले असते. पण 'थोडे' म्हणजे किती आणि धोका कुठून सुरू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांमध्ये अतिरक्तस्राव हेच सर्वांत मोठे कारण आहे. अशा वेळी बाळंतिणीजवळ बहुधा डॉक्टर नसतो, नर्सबाई असतात. त्या नेमके काय करतात आणि घरच्यांनी त्यांना साथ कशी द्यावी, हे आज पाहू.

प्रथम शरीरात काय घडते ते समजून घेऊ. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असते. वार सुटून आली की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद कोण करते? गर्भपिशवीचे स्नायू. बाजल्याचे सुंभ जसे आडवेतिडवे विणलेले असते तशी या स्नायूंची वीण असते आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. पिशवी आवळली की त्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबते. अशी आवळलेली पिशवी बेंबीच्या आसपास कडक चेंडूसारखी हाताला लागते. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली, तर आत वाहिन्या उघड्याच आहेत असे समजावे. बाळंतपणानंतरच्या दर दहा रक्तस्रावांपैकी साधारण सात याच कारणाने होतात. बाकीच्यांत वारेचा तुकडा आत राहणे, पिशवीच्या तोंडाला किंवा मार्गाला जखम होणे आणि क्वचित रक्त न गोठणे ही कारणे असतात.

जुळे, फार मोठे बाळ, लांबलेल्या कळा, बरीच बाळंतपणे, भरलेले मूत्राशय यांनी धोका वाढतो. परंतु पुष्कळ जणींमध्ये आधी कसलीच खूण नसते. म्हणून प्रत्येक बाळंतिणीकडे संशयाने पाहावे लागते.

एमबीबीएस झाल्यावर सुरुवातीची काही वर्षे मी एका डोंगराळ तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. तिथल्या वयस्क नर्सबाई बाळंतपण उरकल्यावर नातेवाइकांशी गप्पा मारत बसत. नवख्या माणसाला वाटावे, बाईंचे काम संपले. पण नीट पाहिले तर त्यांचा एक हात बाळंतिणीच्या पोटावर असे. बोलता बोलता त्या पिशवी चाचपत आणि सैल वाटली की गोल गोल चोळत. पुस्तकात ज्याला निरीक्षण म्हणतात ते हेच. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पिशवी, नाडी आणि जाणारे रक्त पाहायचे असते. रक्तस्राव आवरला नाही तर बाई दोन तासांतही हातची जाऊ शकते, म्हणून हे पहारे.

त्याआधीचे कामही महत्त्वाचे असते. बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरे बाळ नाही ना, याची नर्सबाई खात्री करतात आणि मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात. मग एक हात ओटीपोटावर ठेवून पिशवीला आधार देत, ती आवळलेली असतानाच, नाळेला हलका ताण देऊन वार काढतात. वार तळहातावर पसरून ती पूर्ण आली आहे का, हे पाहतात. उगाच नाळ ओढल्यास पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. बाळाला लगेच छातीशी धरायला सांगतात, कारण बाळ दूध ओढू लागले की आईच्या शरीरात तेच ऑक्सिटोसिन आपोआप तयार होते.

एवढे करूनही रक्त वाहू लागले, तर नर्सबाई आधी मदतीला हाक मारतात. एकटीने सगळे करण्याची ही वेळ नव्हे. पोटावरून पिशवी चोळायची, लघवी काढायची, शिरेत सलाईन लावून त्यातून ऑक्सिटोसिन द्यायचे. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्ताची गुठळी टिकवणारे औषध बाळंतपणापासून तीन तासांच्या आत शिरेतून दिले तर उपयोगी पडते, हे २०१७ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. तरीही थांबले नाही तर एक हात आत आणि एक पोटावर ठेवून पिशवी दोन्ही हातांत दाबून धरतात. हे फार दमवणारे काम आहे. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत गाडीतही ते चालू ठेवावे लागू शकते. तिथे पिशवीत फुगा भरून दाब देतात. बांगलादेशातील डॉ. सयेबा अख्तर यांनी साध्या नळीला निरोध बांधून, त्यात सलाईन भरून असा स्वस्त फुगा केला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरीब देशांत त्याचा मोठा उपयोग झाला.

आता प्रश्न येतो मोजण्याचा. अर्धा लिटर रक्त गेले की तो अतिरक्तस्राव, अशी व्याख्या आहे. पण फडक्यात, चादरीत, जमिनीवर गेलेले रक्त नजरेने कोण मोजणार? याचे उत्तर आपल्या शेजारी बेळगावात शोधले गेले. चंदगडकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी बाळंतिणीखाली पसरायची, खाली मापाच्या रेघा असलेली प्लॅस्टिकची झोळी वापरली. तिच्याशी ताडून पाहता नजरेचा अंदाज सरासरी तिसऱ्या हिश्श्याने कमी भरला. तीनशे मिलिलिटर गेले की डोळ्यांना दोनशेच वाटतात.

ही झोळी घेऊनच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक मोठा प्रयोग झाला. घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हाती बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या. गोळ्याच का? ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते आणि इंजेक्शनला सुई लागते. गोळीला दोन्हींची गरज नाही. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. लिटरभर किंवा जास्त रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा १.२ वरून ०.२ झाले. थंडी वाजणे आणि ताप हा त्रास काहींना झाला, पण तो तात्पुरता. २००६ मध्ये हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. डॉक्टर नसलेल्या खेड्यात नर्सबाईंनी हे करून दाखवले, याचे मला फार कौतुक वाटते.

मापाच्या झोळीचे महत्त्व पुढे आफ्रिकेतही दिसले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोळी लावून मोजले तिथे शंभरातील ९३ रक्तस्राव ध्यानात आले. नजरेवर भिस्त होती तिथे निम्मेच. झोळीने वेळेत ओळखून वर सांगितलेले उपचार एकामागून एक न करता एकदमच केले, तेव्हा गंभीर प्रसंग निम्म्याहून कमी झाले.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. "कळा वाढायचं इंजेक्शन द्या की", असा आग्रह नातेवाईक धरतात आणि काही जण घरी जाऊन ते टोचतातही. ते हेच ऑक्सिटोसिन. गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात तेही हेच. बाळ बाहेर आल्यावर ते जीव वाचवते. बाळ पोटात असताना, देखरेखीशिवाय, मोजमाप न ठेवता दिले तर पिशवी फुटू शकते, बाळ गुदमरू शकते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचेही तेच. त्या दुकानातून आणून घरी ठेवू नयेत.

बाळ होण्याआधीच रक्त जाऊ लागले तर प्रकरण वेगळे. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असू शकते. अशा वेळी सुईणीने वा नर्सबाईने आत बोट घालून तपासणे म्हणजे रक्ताचा नळ उघडणे. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही मिळेल अशा ठिकाणीच थेट न्यावे.

महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे शंभरातील ९४ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली होती. राहिलेल्यांत आपल्याच ऊसपट्ट्यात फडावर, कोपीत बाळंत होणाऱ्या ऊसतोड भगिनी येतात. आपल्या शेतात टोळी उतरली असेल, तर त्यातल्या गरोदर बाईची नोंद आशाताईंकडे करून देण्याचे काम शेतमालकाला सहज करता येईल.

घरच्यांनी गरोदरपणात रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला अर्धा लिटरही झेपत नाही. लोहाच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून परड्यात टाकू नयेत. रक्तगट कागदावर लिहून ठेवावा, रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे आधीच ठरवावीत. १०८ क्रमांकाची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. बाळंतिणीचे पोट लगेच घट्ट बांधू नये. बांधले की नर्सबाईंना पिशवी चाचपता येत नाही. तिला वरचेवर लघवीला न्यावे. भिजलेली फडकी लाज वाटते म्हणून लपवू नयेत, ती नर्सबाईंना दाखवावीत. बाई घामेजली, पांढरी पडली, तहान तहान करू लागली, तर बाहेर रक्त कमी दिसले तरी आत साचत असू शकते. आणि बाळंतपण नीट झाले म्हणून दोन तासांतच तिला घरी नेण्याची घाई करू नये.

घरी गेल्यावर अंगावरून जाणे हळूहळू फिके आणि कमी होत गेले पाहिजे. माहेरी दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा लालभडक रक्त जाऊ लागले, गाठी पडल्या, घाण वास किंवा ताप आला, तर वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. बारशाचे पाहुणे घरात असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.