वारा कुठला, ते आधी विचार

अगं सोनू, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मे महिन्यात फुकेत निम्म्या दरात मिळतंय," तेव्हा मी काहीच बोलले नाही. बाजूला आई बसली होती. आमच्या फुकेतचं मी घरात कुणालाच नीट सांगितलेलं नाही. फोटो दाखवले, चॉकलेटं वाटली आणि विषय बदलला. तुला सांगते, कारण तूही माझ्यासारखेच भिशीचे पैसे घालणार आहेस.

आपण मानखुर्दच्या पोरी. पाणी लहानपणापासून बघतोय, पण ते वाशीच्या गाडीतून दिसणारं. पूल, खाडी, चिखल, तिवरं. थंडीत फ्लेमिंगो येतात तेव्हा खाडी देखणी दिसते, तरी पोराला काही तिथे उतरवता येत नाही. म्हणून वाळूवर बसायचं, चिनूला पाण्यात खेळवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. चोवीस जणींची भिशी, माझा नंबर शेवटून दुसरा. एजंट म्हणाला, ऑफ सीझन आहे, स्वस्तात होईल. ऑफ सीझन कशामुळे, ते मी विचारलंच नाही.

आपल्याकडे मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो ना, तोच नैर्ऋत्येचा वारा अंदमानच्या दक्षिणेला २२ मेच्या सुमारास पोचलेला असतो. आणि फुकेत आहे त्याच अंदमानच्या समुद्रावर. इथे आपण आंबे खात घाम पुसत असतो, तेव्हा तिकडे पावसाळा लागलेला असतो, तो पार ऑक्टोबरपर्यंत. पावसाआधी फिरून येऊ म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात निघाले आणि थेट पावसातच जाऊन उतरले.

किनाऱ्यावर लाल झेंडा होता. भिजून काठीला चिकटलेला. हे हॉटेलात एजंटशी फोनवर बोलत होते. मी मनाशी म्हटलं, एवढा पैसा ओतून आलोय, घोटाभर पाण्यात काय होतंय? चिनूचा हात धरून उतरले. लाट आली ती गुडघ्याच्या वर, आणि परतताना पायाखालची वाळूच ओढून घेऊन गेली. मी पडले. चिनूचा हात सुटला. जीवरक्षक शिट्टी फुंकत धावत आला आणि त्याने पोराला दंडाला धरून वर उचललं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. सोनू, हे मी ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. त्या दिवसांत तिथल्या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर पाणी आत खेचणारे प्रवाह तयार होतात, वरून काही कळत नाही. लाल झेंडा दिसला की पाऊलसुद्धा ओलं करायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मध्येच राहायचं. आणि कधी ओढली गेलीसच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नकोस, दमशील. किनाऱ्याला समांतर हात मार, ओढ संपली की बाहेर ये.

पुढचे दोन दिवस खोलीत. फी फी बेटांची बोट रद्द झाली. चिनू रोज सकाळी चपला घालून, निळी बादली घेऊन हॉटेलच्या पॅसेजमध्ये बसायचा. ते बघून मला भडभडून यायचं आणि सगळा राग ह्यांच्यावर निघायचा. नको ते बोलले मी. बोलले ते अजून आठवतं, पाऊस तितकासा आठवत नाही.

चौथ्या दिवशी ह्यांनीच आम्हाला उठवून जुन्या फुकेत शहरात नेलं, थलांग रोडला. तिथल्या शंभर वर्षांच्या घरांना पुढून कमानींच्या पडव्या आहेत, एकीतून दुसरीत चालत जाता येतं. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही कोरडे. चिनूने पडवीच्या कडेला बादली धरून पागोळ्यांचं पाणी भरलं. तासभर. तोच एक दिवस मला पुन्हा हवासा वाटतो. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही याची हळहळ आहे.

आता तुझं. आपल्या बाजारात ट्रॉम्बे कोळीवाड्याची मावशी बसते ना, मी परत आल्यावर तिला सांगितलं, तर म्हणाली, "मे सरताना वारा फिरतो गं, आमच्या होड्या तेव्हा वर काढतात." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. त्या बंदीचा माझ्या तिकिटाशी संबंध आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही.

पोरांच्या शाळेमुळे तुला मेच सोयीचा असेल, तर बाली बघ. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं असतं. नाहीतर श्रीलंका, पण पूर्वेचा किनारा, त्रिंकोमाली, पासिकुडा. पश्चिमेचा बेंटोटा मेमध्ये नको, मालदीवही नको. फुकेत, क्राबी हवंच असेल तर नाताळ, दर चढे असले तरी. दिवाळीच्या सुट्टीत को समुईची जाहिरात दिसली तर थांब, ते थायलंडच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथला मोठा पाऊस नोव्हेंबरातच. बोटीची सहल पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ठेव, रद्द झाली तर पुढे ढकलता येते. आम्ही ती शेवटी ठेवली होती. हॉटेल रद्द करता येईल असंच घे. आणि प्रवासाच्या विम्यावर फार भिस्त ठेवू नकोस, नुसता पाऊस पडला म्हणून सहसा पैसे मिळत नाहीत. रद्द झालेल्या बोटीचे पैसे किती दिवसांत परत, हे एजंटकडून लिहून घे. मोबाईलवर रोज ढगाचं चित्र दिसलं म्हणून मात्र घाबरू नकोस, तिकडची सर बऱ्याचदा तासाभरात ओसरते. वारा आणि लाटा किती सांगतात, ते बघ.

अजून पैसे भरले नाहीस ना? रविवारी ये, शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक घेऊन. बोंबील आणून ठेवते. आणि ती निळी बादली माळ्यावर आहे, जाताना तुझ्या पिल्लाला घेऊन जा.