बर्फाची वाट बघू नकोस

अगं, गाडी घेतलीस हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्युनिकमध्ये बस-ट्राम सगळं हाताशी असलं, तरी लेकराला आणि आई-बाबांना घेऊन कुठे बाहेर पडायचं तर आपली गाडी हवीच. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला जायचा तुझा बेतही मला पटला. बाबांना ते तळ्याकाठचं गाव कधीपासून बघायचंय. पण फोनवर तू जाता जाता म्हणालीस ना, "बर्फ पडायला लागला की टायर बदलून घेईन, अजून तर छान ऊन आहे", ते काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आपण साताऱ्याच्या मुली. पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो, खंबाटकी घाटात जपून चालवायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. थंडी मात्र आपल्या लेखी स्वेटर-शालीपुरती. ती गाडीलाही लागते, हे चटकन ध्यानात येत नाही. गार हवेत साजूक तूप थिजावं तसं उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, आणि कडक रबर रस्ता धरत नाही. अख्खी गाडी रस्त्याला टेकलेली असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर, तीच जागा सुटली तर ब्रेक कितीही भारी असून काय उपयोग? हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं, पारा शून्याखाली गेला तरी ते लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. बर्फावर थांबायला उन्हाळी टायरला हिवाळी टायरच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं.

इथले लोक ७ अंशांचा ढोबळ हिशोब सांगतात, त्याखाली पारा गेला की टायर बदला. ७ चे ६ झाले म्हणून कोरड्या रस्त्यावर काही लगेच घात होत नाही. पण तू सकाळी साडेसातला लेकीला पाळणाघरात सोडायला निघतेस. त्या वेळी पुलावरचा आणि झाडाखालचा रस्ता गोठलेल्या दवाने गुळगुळीत झालेला असतो. तू ज्याच्या भरवशावर आहेस ते ऊन दुपारचं. बर्फ निदान डोळ्यांना दिसतो तरी, गोठलेलं दव दिसतसुद्धा नाही.

कायद्याचंही सांगते. जर्मनीत अमुक तारखेपासून टायर बदला असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलासारखा झालेला बर्फ किंवा गोठलेलं पाणी-दव असेल, तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही, असा नियम आहे आणि २०१० पासून तो नेमका लिहून ठेवलाय. नाहीतर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-नोंदवहीत तुझ्या खात्यावर एक दंडाचा पॉइंट. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता तसा असेल तर हिवाळी टायर लागतातच, आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. म्हणजे आपल्या हालश्टाटच्या वाटेवर तुला दोन्ही देशांचे नियम लागू.

आता तुझ्या गाडीबद्दल. विकणाऱ्याने "हिवाळी टायर सोबत देतोय" म्हटलं आणि तू खूश झालीस. टायर बघितलेस का ते जवळून? नसतील तर येत्या शनिवारी जुनी पॅन्ट घाल, तळघरात जा आणि एकेका टायरपाशी गुडघे टेकून बस. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र शोध. नुसतं एम आणि एस लिहिलेलं असेल तर ते १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे हिवाळी टायर म्हणून चालत नाही. जुन्या गाड्यांबरोबर असे टायर अजून खपवले जातात. मग डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाच. ३५१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. आकडे कधी कधी आतल्या बाजूलाच असतात, टॉर्च घेऊन जा. रबर म्हातारं होतं गं, नक्षी शाबूत दिसली तरी आतून कडक झालेलं असतं. दहा वर्षांच्या पुढचे टायर कुणी फुकट दिले तरी घेऊ नकोस.

शेवटी खाचेत एक युरोचं नाणं उभं घाल. त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची असते. ती पूर्ण बुडून वर थोडी खाच उरली पाहिजे. कायद्याला जर्मनीत १.६ मिलिमीटर पुरतात, पण तेवढ्यावर हिवाळ्यात विसंबायचं नाही. तोवर टायर जवळजवळ गोटाच झालेला असतो.

तू विचारशील, बारमाही टायर घातले तर? वर्षातून दोनदा बदलायची कटकट नको. कोलोनसारख्या सपाट, कमी बर्फाच्या भागात राहून नुसती गावात फिरणारी कुणी असती तर मीही हो म्हटलं असतं. तुझ्या दाराशी आल्प्स आहे आणि तू लेकराला घेऊन घाट चढणार आहेस. तुला हिवाळीच हवेत.

टायर बदलण्याची वेळ आजच घेऊन ठेव. इथे ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा आहे, आणि पहिला बर्फ पडला की सगळं शहर एकाच दिवशी वर्कशॉपला फोन करतं. मग तुझ्या वाट्याला तीन आठवड्यांनंतरची तारीख येते. काढलेले टायर तिथेच सांभाळायला ठेव, थोडे पैसे जातात पण चार चाकं जिन्यावरून वर-खाली करण्यापेक्षा परवडलं. चारांतली जास्त खोल नक्षीची दोन मागे लावायला सांग. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, मागची घसरली तर गरकन फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं तुझ्या-माझ्यासारखीच्या हातात नसतं. बदलून आणल्यावर ५० किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, हे बिलावर लिहिलेलं असतं आणि कुणी करत नाही. तू कर.

हवेचं सोपं आहे. आपल्याकडे पंपावर "तेहतीस टाका" म्हणायची सवय, इथे बारमध्ये मोजतात, आपले ३३ म्हणजे साधारण २.३ बार. हवा गार असली की दाब घटतो, दर १० अंशांना सुमारे ०.१ बार. म्हणजे सप्टेंबरात भरलेली हवा डिसेंबरात आपोआप कमी झालेली असते. घराजवळच्याच पंपावर, टायर थंड असताना बघ.

आता सामान. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपली माणसं सामान कसं भरतात ते मला चांगलं माहितीय. डिकीत बॅगा, बॅगांवर पिशव्या, मागच्या काचेखालच्या फळीवर लाडवाचा स्टीलचा डबा आणि आईच्या पायाशी कुकर. "बाहेरचं खाणं बाबांना सोसत नाही" म्हणून आई कुकर घेणारच. घेऊ दे. पण तो डिकीत, अगदी तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेव. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतली सुटी वस्तू ज्या जोराने पुढे येते, तो जोर १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. लाडवाचा डबा तिसऱ्या मजल्यावरून बाबांच्या डोक्यावर. मी घाबरवत नाहीये, पण त्या फळीवर स्वेटरशिवाय काही ठेवू नकोस. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर, आणि सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचायचं नाही.

किती भरायचं याचाही हिशोब असतो आणि तो तुझ्या गाडीच्या कागदावरच आहे. फारत्सॉइगशाइन, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढ. त्यात एफ.२ या रकान्यात भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असतं आणि जी या रकान्यात रिकाम्या गाडीचं, त्यात चालवणाऱ्याचे ७५ किलो धरलेले असतात. एकातून दुसरं वजा कर. समज, ४०० किलो उरले. तुझा नवरा, आई, बाबा, लेक आणि तिची सीट यांचे २३० धर. टपावरची पेटी आणि तिच्या दांड्या २५. चार बॅगा प्रत्येकी २० च्या. झालं, उरले ६५ आणि अजून बाबागाडी, स्लेज, खाणं, पाणी, बर्फाच्या साखळ्या, सगळ्यांचे बूट बाकी आहेत. टपाचीही मर्यादा वेगळी असते, बऱ्याच छोट्या गाड्यांना ५० ते ७५ किलोच, आणि त्यात पेटीचं स्वतःचं वजन आलंच. पेटीत फक्त जॅकेटं, पांघरुणं. वर वजन चढलं की वळणावर गाडी कलते, हे तुला स्टिअरिंगवरच जाणवेल.

भरलेल्या गाडीला हवाही जास्त लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर दोन माणसांचा आकडा वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा वेगळा. मागच्या चाकांत तर चांगलाच फरक असतो. निघायच्या आदल्या दिवशी तो दुसरा आकडा भर. डिकी दबली की दिवे वर उचलले जातात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. डॅशबोर्डवर दिवे खाली करायची छोटी चकती असेल तर ती फिरव.

धोक्याचा त्रिकोण, पिवळी जाकिटं आणि प्रथमोपचाराची पेटी सगळ्या सामानाखाली गाडू नकोस. महामार्गाच्या कडेला रात्री, बर्फात, चार बॅगा उतरवून त्रिकोण शोधत बसायची वेळ यायला नको. जाकिटं तर सीटखालीच ठेव, बाहेर पडण्याआधी अंगात घालता आली पाहिजेत. साखळ्याही वरच हव्यात. त्या एकदा घरच्या अंगणात, कोरड्या दिवशी लावून बघ. त्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर लावायच्या, आणि लावल्यावर ५० च्या वर जायचं नाही.

आणि हे माझ्यासाठी तरी नक्की कर. लेकीला तिच्या सीटमध्ये बसवताना ते फुगीर जॅकेट काढ. आईला ते पटणार नाही, "पोरीला थंडी वाजेल" म्हणेल. पण जॅकेटवरून पट्टा ओढला की तो अंगाला लागत नाही, मधे नुसती हवा असते, आणि धक्का बसला की पोर पट्ट्यातून निसटू शकतं. जॅकेट काढायचं, पट्टा अंगासरशी ओढायचा आणि वरून पांघरूण घालायचं. आईलाच ते पांघरूण विणायला सांग, म्हणजे वाद मिटेल.

बाकी रोजच्या गोष्टी थोडक्यात. काचेवर फवारायचं पाणी –२० ला न गोठणारं भर. सकाळी बर्फ सगळ्या काचांवरून, टपावरून, दिव्यांवरून काढायचा. समोर एक खिडकी खरवडून निघणारे शेजारी दिसतील, त्यांचं बघू नकोस. टपावरचा बर्फ पहिल्या ब्रेकला पुढच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतू नकोस, तडकते. गाडी तापायला म्हणून इंजिन चालू ठेवायला इथे मनाई आहे. गोठलेलं कुलूप उघडायचा स्प्रे गाडीत नको, घरात किंवा पर्समध्ये ठेव. बॅटरी पाच-सहा वर्षांची असेल तर टायर बदलताना तपासून घे. आ-डे-आ-त्से या वाहनचालकांच्या क्लबची मदत ज्या बिघाडांसाठी मागवली जाते, त्यांत बॅटरीचा पहिला नंबर वर्षानुवर्षं कायम आहे.

जाताना ए-८ वर इर्शेनबर्गचा चढ लागेल. सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागते, त्यामुळे पहाटे निघा. उतारावर नुसता ब्रेक दाबत राहू नकोस, खालचा गिअर टाक. पुढच्या गाडीशी उन्हाळ्यात ठेवतेस त्याच्या तिप्पट अंतर ठेव. मधे कुणी घुसला तर घुसू दे. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचं स्टिकर, हद्दीच्या आधी घ्यायला विसरू नकोस.

मला दोन फोटो पाठव: फारत्सॉइगशाइनचा आणि दारावरच्या पट्टीचा. रविवारी बसून आपण वजनाचा हिशोब मांडू आणि आईला काय आणायचं, काय नाही, ते मीच सांगते, तू वाईटपणा घेऊ नकोस. वर्कशॉपला मात्र आजच फोन लाव, पाचच्या आत.